लाडूस्तानातलं मत

आष्टीच्या बसस्टँडवर नमिता आर्वीच्या गाडीची वाट पाहत उभी होती. मागच्या बाकावरचं म्हातारं जोडपं नातीच्या, काजलच्या, शाळेतून परतत होतं. पोरांनी तिथं लाडूस्तान नावाचा खोटाच देश मांडला होता, पक्ष उभे केले होते आणि आलेल्या आजी-आजोबांनाही मतदान करायला लावलं होतं.

“तू कोनाले मत देलं वं?”

“नाई सांगत.”

“मी तं भोवरा पक्षाले देलं. रस्ते करतो म्हने.”

“बरं केलं.”

“तू छत्रीले देलं असशीन. बायायले इतवारची सुट्टी देऊन राह्यला होता थो पक्ष.”

“असन.”

“असन म्हंजे? अवं, देश खोटा, पक्ष खोटे. सांगाले काय जाते तुह्यं?”

“खोटाच हाय तं तुमाले काऊन एवढी पडली?”

“तसं नाई. सहज इचारलं.”

“काजल म्हने, आजी, मत गुप्त असते. आबालेबी नोको सांगजो.”

नमितानं वळून पाहिलं नाही.

“पन खऱ्या निवडनुकीत तं मी सांगतो तेच बटन दाबत असशीन ना?”

“गाडी आली. पिशवी घ्या.”