चिंगीला मासा बंद

मी वरळी कोळीवाड्यातलीच, माहेर पन इथलं आन सासर पन इथलं, आईच्या पाटीमागनं फिरत मासळी विकायला शिकले. नवरा काविळीनं गेला, लेक लग्न करून लांब गेली, आता घरात मी आन चिंगी. चिंगी म्हंजे माझी मांजर. बाजारात माझ्या पाटाखाली सापडली, मुठीएवढी, जवळा भरवून वाढवली मी तिला, आन काय सांगू तुमाला, तीच मासळी तिला बाधली.

आधी कानामागं खाजवायची, मंग मान, मंग गळ्याची सालटं निघाली, रक्त यायला लागलं. खोबरेल लावलं, हळद लावली, काय उपेग नाय. जनावरांच्या डॉक्टरीनबाईंनी औषधं देऊन बघितली, शेवटी बोलल्या, मावशी, हिला मासा सोसत नाही, कोंबडी पण नाही, दोन्ही बंद करायचं. मी बोलले, बाई, कोळनीच्या घरात मांजर खानार काय मंग? तर त्यांनी एक पाकीट दिलं, बारीक दाने व्हते, बोलल्या, हे अळ्या सुकवून, दळून बनवतात. मी बघतच राहिले. सुक्या बोंबलाला अळी लागली तर आमी बोंबील फेकून देतो, आन ती अळीच मी हिला घालायची.

बाई बोलल्या, आधी जुन्या खान्यात चिमूटभर मिसळा, मंग हळूहळू वाढवा, मासा कमी करा. मी तसंच केलं. ही मासा वेचून खायची, दाने तसेच ठेवायची. दाने वाढवले तशी वाटीकडं बघेनाशी झाली, एकदम उपाशी. बाई बोलल्या, मांजराला उपाशी ठेवू नका, लिवरवर जातं, कावीळ होते. कावीळ ऐकलं आन मी हिला उजेडात धरली. नवऱ्याचे डोळे मी जसे रोज बघायची तसं हिच्या कानाच्या आत बघत बसायची, पिवळं दिसतंय काय. मासा द्यावा तर रक्त, नाय द्यावा तर ही मरतेय. शेजारीन बोलली, सोड गं तिला जेट्टीवर, मेली तरी पोटभर खाऊन मरेल. मी उचलली पन तिला, दारापर्यंत गेले, पन पाय पुढं जाईना, तिथंच उंबऱ्यावर बसून रडले.

मंग परत बाईंना फोन लावला. त्या बोलल्या, दाने कोमट पान्यात भिजवा, बोटानं तिच्या ओठाला लावा. मासळीचा वास जावा म्हनून मी साबनानं कोपरापर्यंत हात घासले, लुगडं बदललं, हिला मांडीवर घेतलं, बोलले, खा गं बाय, माझ्यासाठी खा. थुंकली. परत लावलं, परत थुंकली. किती वेळा लावलं देव जाने. मंग एकदा जिभेनं चाटलं तिनं, आन परत माझ्या बोटाकडं बघितलं.

आता वाटीतलं खाते, मनापासून नाय, पन खाते. गळ्यावर केस येताहेत. पन घरात मी मासा रांधत नाय, जेवायला शेजारनीकडं जाते. बाजारातनं आले की ही हात चाटायला धावते, मी हात वर धरून मोरीत शिरते, दार लावते. बाहेर ही दाराला नखं मारते, वरडते, माझ्या जिवाला घोर लागतो. पन वरडू दे. जिती हाय म्हनून वरडते.