ताईंनी हात लावू नये

...आणि वर म्हणतात, विश्रांती घ्या! घ्या म्हणे! जसा काही टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला आहे, हात लांबवला की आला हातात! अहो, पण हात लांबवायचीच तर बंदी आहे ना मला! तुम्हाला सांगते, त्या एका बंदीनं माझी झोप गेली, भूक गेली, आणि... थांबा, थांबा. तिसऱ्या रांगेतले काका, अहो, खुर्ची अशी मागच्या दोन पायांवर नका ना झुलवू! चारी पाय जमिनीवर. हां. आता बोलते.

तर मी नाच शिकवते. साधासुधा नाही, कसरतीचा. म्हणजे गाणं चालू असतं, मुली त्यात कमानी टाकतात, हातांवर चालतात, हवेत गिरक्या घेतात, पालक टाळ्या वाजवतात आणि मी घाबरते. तो माझा हुद्दाच समजा. तुम्ही म्हणाल, एवढी भित्री भागूबाई या धंद्यात आली कशी? अहो, मी स्वतः उड्या मारायचे ना, तेव्हा नव्हते भीत. कारण तेव्हा डोळे गच्च मिटून मारायचे! शिकवायला लागले आणि डोळे उघडे ठेवावे लागले. तिथंच सगळा घोटाळा झाला.

आता मागची उडी घ्या. घ्या म्हणजे ऐका, मारू नका! सरळ उभं राहायचं, मागे काय आहे ते बघायचं नाही, आणि पाठ जिकडे आहे तिकडे स्वतःला हवेत सोडून द्यायचं. हात टेकायचे, पाय डोक्यावरून परत जमिनीवर. देवानं माणसाला मागे डोळे दिले नाहीत ते काय विसरून? मागे जाऊ नकोस बाई, असं सांगायलाच ना? पण नाही! तर अशा वेळी ताईंचा हात लागतो. एक कमरेला, एक मांडीमागे. त्याला आम्ही आधार म्हणतो. पहिल्या वर्गापासून शेवटच्या वर्गापर्यंत मी नुसता आधार देते. छोट्या मुलींना, मोठ्या मुलींना, चुकून आत आलेल्या पालकांना. कारण डोक्यात एकच भुंगा... पडलं कुणी, तर?

आणि या भुंग्यानं माझा खांदा खाल्ला. आता ऐकताना तुम्हाला वाटेल, वा, काय त्याग, एखाद्या लेकराला झेलताना गेला असेल! नाही हो. आमचा दादा जेवण झाल्यावर खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत, दातात काडी घालून बसला होता. मी ताटं उचलत होते. खुर्ची जराशी कलली... जराशीच हो!... आणि मी ताटं टाकून दोन्ही हातांनी खुर्चीसकट दादाला झेललं. दादा शंभर किलोला टेकलाय. खांद्यातून आवाज आला, जुनी चादर फाडताना येतो तसा. आणि दादा काय म्हणाला माहितीय? "अगं येडे, मी पडत नव्हतो! मी विचार करत होतो!"

फिजिओबाईंकडे गेले. त्यांचा आवाज इतका हळू, इतका गोड, की ऐकूनच घाम फुटावा. "कशानं झालं हे?" मी म्हटलं, "खुर्चीनं." "पडलात का खुर्चीवरून?" "नाही, भाऊ पडत नव्हता, तेव्हा झेललं." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खांदा दाबून बघितला, फिरवून बघितला, मी छताकडे बघितलं. "हे एका दिवसाचं नाही बरं का. वर्षानुवर्षं ताणून ताणून आतली दोरी झिजलीय. आता सवयी लावायच्या. टिकतील अशा. जेवण बसून, वेळेवर. झोप पुरती. मुलींबरोबर स्वतःचं अंगही आधी मोकळं करायचं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि कुणालाही झेलायचं नाही." मी म्हटलं, "कुणालाही म्हणजे?" "कुणालाही. पुन्हा एकदा असा भार आला तर ऑपरेशन. आणि त्यानंतर हा हात डोक्यावर जाईल का, ते मी आज सांगू शकत नाही." हे सगळं त्याच गोड आवाजात! मी कसंबसं विचारलं, "आणि... पडलं कुणी, तर?" त्या हसल्या. "पडू द्या."

पडू द्या! तुम्हाला सांगते, डॉक्टरी शिकलेल्या माणसाच्या तोंडचे शब्द आहेत हे!

सुट्टी घेतली मग. एक आख्खा दिवस पलंगावर आडवी झाले. छान उताणी, डोळे मिटून, हात पोटावर. शेजारच्या घरात धप्प झालं, मी दारात! आई म्हणाली, "कुठं निघालीस?" "कुणीतरी पडलं!" "अगं, त्यांनी गादी उलटी केली." परत आडवी झाले. वरच्या मजल्यावर धप्प, मी जिन्यात! आई शेवटी दाराला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "कार्टे, तुझ्या विश्रांतीनं मला धाप लागली!"

बरं, घरातलं घरात राहिलं असतं. खांद्याचा पट्टा आणायला औषधांच्या दुकानात गेले. रांग होती. माझ्यापुढे एक गृहस्थ, वयस्कर, नीटनेटके, बगलेत छत्री. त्यांनी वरच्या फळीवरचं काहीतरी वाचायला मान मागे टाकली. मान गेली, खांदे गेले, कंबर वाकायला लागली... मी काय करणार? हात आपोआप गेला हो! बरोबर कमरेखाली, जिथं द्यायचा तिथं, आणि तोंडातून खणखणीत निघालं, "पोट आत! नजर समोर!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. आणि तुम्हाला सांगते, त्या माणसानं पोट आत घेतलं! घेतलंन्, तसंच धरून ठेवलंन्, आणि डोळे समोर रोखून मला हळूच विचारलं, "बाई, सोडू का आता?" पट्टा न घेताच पळाले मी. तो मग दादानं आणून दिला.

पण ही सगळी गंमत झाली. खरी धडकी पुढे आहे. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला टाचणी म्हणतात. अंगानं तशी, बोलायलाही तशी. कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि टाचणीला रंगमंचावर एकटीनं मागची उडी मारायची. एकटीनं! तिथं मी मध्येच जाऊन उभी राहू शकत नाही ना. तिला उडी येत होती हो, कितीतरी दिवस येत होती. माझा हात नुसता कपड्याला लागायचा. पण लागायचा! तिची आई मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर पाठवते हं मी तिला. तुमचा हात आहे म्हणून मी घरी निवांत असते." मी पट्ट्यातला हात ओढणीखाली लपवला आणि मान हलवली. निवांत म्हणे! या बाईंच्या निवांतपणाचं ओझं कुठल्या खांद्यावर घेऊ मी? एकच धड उरलाय!

मोठ्या मॅडमना, म्हणजे ज्यांचा हा वर्ग आहे त्यांना, सगळं सांगितलं. त्या कमी बोलतात. त्यांनी भिंतीकडेची खुर्ची ओढली. "बस. दोन्ही हात मांड्यांखाली घाल. वर्ग संपेपर्यंत काढायचे नाहीत." "अहो मॅडम, पण पडलं कुणी, तर?" "खाली गादी आहे ना? ती कशाला आणलीय, पाहुणे झोपवायला?" आणि स्वतः गादीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

बसले. हात मांड्यांखाली. खांदा ठणकतोय, तळव्यांना मुंग्या, समोर आरसा, आणि आरशात मी: रंग उडालेला, डोळे बटाट्याएवढे. टाचणी गादीवर आली. पाय जुळवले. हात वर केले. माझ्याकडे बघितलंच नाही! नेहमी बघते हो, 'ताई, आहात ना' असं. आज नाही. एकीकडे हा हात, जो परत कदाचित वर जाणार नाही, मग मी शिकवणार काय, खाणार काय... आणि एकीकडे ती पोर, जिची मान काडीसारखी, ती जर त्या मानेवर आली... मनात म्हटलं, बस, बस, बसून राहा, गादी आहे, मॅडम आहेत, बस...

तिचे गुडघे वाकले. आणि मी उठले!

उठले म्हणजे काय, उडालेच! खुर्ची एकीकडे, पट्टा एकीकडे, दोन्ही हात पुढे, "टाचणेऽऽ" अशी किंचाळत मी तिथं पोचले, आणि हात घातला तो... रिकाम्या हवेत. टाचणी कधीच पलीकडे उभी होती. पाय जुळलेले, हात वर. उडी झाली होती. झोकदार झाली होती म्हणे, मी बघितलीच नाही. मला जो भार झेलायचा होता तो नव्हताच, त्यामुळं माझाच तोल गेला, आणि तुम्हाला सांगते, एवढी वर्षं जे विचारत होते त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. पडलं कुणी, तर? पडले! मी!

पाय घसरून पाठीवर पडणार एवढ्यात कमरेला हात लागले. चार, सहा, किती कोण जाणे. सगळ्या पोरी धावत आल्या होत्या. नीट, एक कमरेला, एक मांडीमागे, जसं मी शिकवलं तसं, मला अलगद गादीवर ठेवलं. खांद्याला धक्का नाही. मला इतकं भरून आलं... म्हटलं, बघा, माझ्याच लेकी! आणि टाचणीला जवळ घेऊन म्हटलं, "अगं, हात नसताना भीती नाही वाटली तुला?"

ती म्हणाली, "नाही ताई. हात असला की वाटते."

"काय?"

"तुमचा हात ना, बर्फासारखा असतो. आणि थरथरतो. आणि मी उडायच्या आधी तुम्ही एक श्वास घेता. हंऽऽ असा. तो ऐकला की मला वाटतं, मेले मी आता!"

आणि सगळ्या पोरींनी एका सुरात करून दाखवला हो! हंऽऽ! शिरा ताणून, डोळे विस्फारून! एवढा भयाण आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, मी दचकले, आणि दचकून माझ्या तोंडून आवाज निघाला... हंऽऽ! "हाच! हाच तो!" मॅडमसुद्धा हसल्या. कमी हसणाऱ्या बाई, भिंत धरून हसल्या!

मला हसू आलं नाही हो. मला वाटायचं, मी पोरींची भीती माझ्या हातात झेलून धरतेय. आणि मी तर त्यांना ती कमरेतून भरवत होते! थोडी थोडी! रोज!

असो. आता नियम झालाय. उड्यांची वेळ आली की मॅडम आत, आणि मी बाहेर व्हरांड्यात, बाकावर. दार बंद. त्या वेळात मी डबा खाते, बसून. खांद्याचे व्यायाम करते. पाय लांब करते. फिजिओबाई इतक्या खूश, "किती छान सवय लावून घेतलीत तुम्ही!" काय सांगू त्यांना, मी लावून घेतली की मला लावली? कार्यक्रमसुद्धा झाला. टाचणीची उडी झाली. मी पडद्यामागेही नव्हते, मला पार्किंगमध्ये ठेवलं होतं. दादा खुर्ची घेऊन शेजारी बसला होता, चारी पाय जमिनीवर, आईची तंबी!

पण विश्रांती म्हणाल तर... बंद दाराआडून नुसतं ऐकायचं. धप्प. हे पायांवरचं. धप्प. हेही पायांवरचं. मग शांतता. शांतता का? एवढी शांतता कशाला? कुणी बोलत का नाही? माझा घास तोंडात तसाच! आणि परत, धप्प... हुश्श! अशी विश्रांती वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

परवा ऐन डबा खाताना दार किलकिलं झालं आणि टाचणीचं डोकं बाहेर आलं. माझ्या हातातला चमचा गळून पडला. झेलला नाही! लक्षात घ्या, झेलला नाही मी! नुसतं विचारलं, "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही, ताई."

"मग?"

"तुमचा श्वास आत ऐकू येतोय. जरा खाली जिन्यापाशी बसता का?"

...बसले. काय करणार? डबा घेऊन, पाय लांब करून, जिन्यापाशी. विश्रांतीच ती. घ्यायलाच हवी.