गार खोलीतले कच्चे विद्यार्थी

कॉम्प्युटरवर मुलांना शिकवता त्याचं कौतुक मला सांगू नका. मी ते सत्तरच्या दशकात कलकत्त्यात केलंय, आणि माझी झोप उडाली होती.

यांच्या बदलीमुळे आम्ही बालीगंजला राहायचो. मी एका संस्थेत इंग्रजी शिकवायचे. तिथल्या कॉम्प्युटरवर व्याकरणाचा प्रोग्रॅम बसवला होता. मुलांनी उत्तरं टाइप करायची. सगळी बरोबर आली की सुटका, एक जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

पण कोणी सुटेचना. वर्गात घडाघडा उत्तरं देणारी शोमासुद्धा तिथं हमखास चुकायची. शेवटी संचालक सेनसाहेब म्हणाले, "उद्या मी स्वतः बघतो. जमत नसेल तर बंद करू." म्हणजे माझी नोकरीही बंद.

मी शोमाला बाजूला घेतलं. "तुला येतं ना सगळं? मग?"

ती खाली बघत म्हणाली, "दीदी, सगळं बरोबर आलं की बाहेर जावं लागतं."

बाहेर मे महिना, त्यात रोज वीज जायची. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत होता, आणि यंत्र तापू नये म्हणून तो जनरेटरवर चालायचा.

आता हे साहेबांना कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी ते घामाघूम होऊन आले आणि स्वतःच यंत्रापुढे बसले. माणूस इंग्रजीचा सुवर्णपदकवाला. त्यांनी भराभर उत्तरं दिली, शेवटच्या प्रश्नाशी थांबले, कॉलरचं बटण सोडलं, एकदा एसीकडे पाहिलं आणि चक्क चुकीचं उत्तर टाइप केलं.

"कठीण आहे," खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले, "पहिल्यापासून करावं लागणार."