सहा नंबरची खुंटी

आमचं मूळ साताऱ्याकडचं असं घरात सांगत, पण ते नुसतं सांगण्यापुरतं, कारण कोण्या काळी कुणी पूर्वज दरबारात कारकून म्हणून इकडे आला तो आलाच, तेव्हापासून आम्ही उज्जैनचे. म्हणून माझी मराठी ही अशी. माझी पुण्याची मावसबहीण हसते, म्हणते कुमुद, तू बोलतेस ते मराठी का हिंदी, मी म्हणते जे तोंडात येईल ते, तुला समजतं ना, मग झालं.

वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. मी पण बीएस्सी केलं, लग्न झालं, माधव नगरात घर केलं, आणि कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट लागले. सगळी नोकरी काचेची भांडी धुण्यात आणि मुलांना सॉल्यूशन बनवून देण्यात गेली. मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी हे गेले, हार्टचं झालं, मूलबाळ नाही. घरात बसून भिंती बघायच्या, दुसरं काय. तेवढ्यात फ्रीगंजात एका संस्थेचं ऑफिस उघडलं, त्यांना पाणी तपासणारं माणूस हवं होतं. मी गेले. साहेब म्हणाले ताई, ऊन लागेल, चिखल आहे, जमेल का. म्हटलं साहेब, घरात बसणं जमत नाही, हे जमेल.

काम असं होतं, की कणेरी नाला म्हणून एक नाला आहे शहराबाहेर, तो एका तळ्यात पडतो आणि तळ्याचं पाणी पुढे क्षिप्रेला मिळतं. पहिले तो चांगला वाहता ओढा होता म्हणे, मग गाळ आणि जलकुंभी, तुमची जलपर्णी, सगळा सत्यानाश. संस्थेनं गाळ काढला, काठाला दगड बसवले, तळ्याच्या तोंडाशी पाणथळ केली, तिच्यात पाणकणीस लावलं, म्हणजे तळ्यात जायच्या आधी पाणी त्यातून गाळून जाईल. आणि नाला सुधारतो आहे का नाही ते बघायला सहा ठिकाणी खुंट्या ठोकल्या, एक ते सहा. दर पंधरा दिवसांनी देवास गेटवरून बस पकडायची, उतरून पायी जायचं, प्रत्येक खुंटीपाशी पाणी किती खोल ते बघायचं, दगड उलटून खाली किडे कोणते ते बघायचं, एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि बाटली भरायची. त्या बाटलीत दोन औषधं टाकतात. पाण्यात हवा असेल तर खाली तपकिरी साका बसतो, हवा नसेल तर पांढरा. पांढरा म्हणजे पाणी मेलं, त्यात मासा जगायचा नाही. काय सांगू तुम्हाला, पहिल्या वर्षी सहाच्या सहा बाटल्या पांढऱ्या.

सहा नंबरची खुंटी अगदी तळ्याच्या तोंडाशी होती, तिथेच बद्रीलाल भेटला. तळ्यात सिंघाड्याचे वेल लावायचं काम त्याच्या बापाचं, आज्याचं. पाणी खराब झालं तेव्हापासून वेल बंद, हा लोकांच्या शेतात मजुरी करायचा. मला बघून म्हणाला बेनजी, नापवा से पाणी चोखो होय कंई, म्हणजे मोजल्यानं पाणी साफ होतं का. मी म्हटलं होत नाही दादा, पण खोटं तर कुणी बोलू शकणार नाही. असं म्हटलं मी. माझ्या तोंडानं म्हटलं.

दोन पावसाळे गेले आणि सुधारलं हो, खरंच सुधारलं. वरच्या खुंट्यांना पहिले, मग खाली खाली येत सहा नंबरला पण तपकिरी साका बसला. दगडाखाली चतुराची पिल्लं सापडली, पाण्यातच वाढतात ती. मी त्या चिखलात उभी राहून रडले, बद्रीलाल म्हणे बेनजी, कंई काट्यो, काय चावलं. त्या वर्षी त्यानं वेल लावले. दिवाळीच्या आधी पिशवी भरून सिंघाडे घेऊन माझ्या दारात उभा, पैसे देऊ लागले तर घेईना. उकडून शेजारीपाजारी वाटले मी, सगळ्यांना सांगितलं हे आमच्या नाल्याचे आहेत. आमच्या नाल्याचे, असंच म्हटलं बघा.

मग वर एक कॉलनी झाली आणि तिच्या गटाराचा पाईप कुणीतरी आणून नाल्यात सोडला, पाच आणि सहा नंबरच्या मध्ये. पंधरा दिवसांनी गेले तर सहा नंबरची बाटली पांढरी. वाटलं माझंच चुकलं असेल, परत भरली, परत पांढरी. लिहून दिलं. साहेब म्हणाले पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी पण तेच, त्याच्या पुढच्या वेळी पण तेच.

मग एक दिवस साहेब स्वतः आले माझ्याबरोबर नाल्यावर. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही सांगेन. म्हणाले ताई, आता शेवटचा रिपोर्ट जायचा आहे, ही खुंटी पाईपाच्या तोंडाशी आली आहे, एका पाईपापायी सगळ्या नाल्याचं नाव खराब होतं. रिपोर्ट खराब गेला तर सरकारकडून कामाचा दुसरा टप्पा मंजूर होणार नाही, आणि दुसऱ्या टप्प्याशिवाय हा पाईप बंद कोण करणार. चांगला गेला तर पहिलं काम पाईपाचंच, मी शब्द देतो. खुंटी फक्त थोडी वर घ्या.

थोडी वर म्हणजे पाईपाच्या वर. समजत होतं मला, लॅबमध्ये जन्म गेला, समजणार नाही का. पण मला वाटलं पाईप बंद होईल. आणि खरं सांगू का, मला वाटलं काम संपलं तर मी परत घरात त्या भिंतींसमोर. दोन्ही वाटलं. मी वाकले आणि माझ्या हातानं ती खुंटी उपटली, पंचेचाळीस पावलं वर नेऊन ठोकली. बाटली भरली. तपकिरी. रिपोर्टावर सही केली. बद्रीलाल काठावर बसून बघत होता, त्याला वाटलं काही कामाचं असेल.

फ्रीगंजात हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मला शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. पावसाच्या तोंडावर बद्रीलालचा फोन आला, बेनजी, इस साल बेल डालूं क्या, पानी में बास आ रही है. मी म्हटलं डाल दो भैया, दूसरा चरण आ रहा है, पाइप बंद हो जाएगा. अजून कानात आहे माझा आवाज.

दुसरा टप्पा आलाच नाही. वरून उत्तर आलं की नाला साफ झाला आहे, रिपोर्टातच लिहिलं आहे, आता कशाला. साहेबांची बदली भोपाळला, ऑफिसला कुलूप. पाऊस होता तोवर पाणी वाहतं राहिलं, पाऊस थांबला आणि तळ्यात सगळं साचलं, वेल सडायला लागले. बद्रीलाल रोज कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सडलेले वेल उपटायचा, चांगले वाचतील म्हणून. पायाला जखम होती, त्या पाण्यात ती चिघळली, शुगर निघाली. सरकारी दवाखान्यात गुडघ्याच्या खालून पाय काढला.

मी गेले बघायला. वाटलं शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची बायको रडत होती, तो तिला म्हणतो, इनकी क्या गलती, इनने तो नापा था ना. मला म्हणतो, आपने तो नापा था ना, बेनजी. मी मान हलवली. हो म्हटलं. तिथे पण खरं बोलता आलं नाही मला.

त्यानंतर घरी बसवेना. स्वतः जाऊन जुन्या जागेवरून बाटल्या भरल्या, तारखेनिशी लिहिलं, आवेदन तयार केलं आणि जनसुनवाईत गेले, तिथे लोक आपापलं गाऱ्हाणं घेऊन रांगेत उभे असतात. टेबलावरच्या बाबूनं वाचलं, आत गेला, फाईल घेऊन आला आणि माझ्यासमोर तोच रिपोर्ट उघडून धरला. मॅडम, ये साइन आपका ही है ना. म्हटलं हो, माझीच. तो म्हणाला, तो फिर हम किसकी बात मानें. उर्मटपणे नाही म्हणाला हो, खरंच विचारत होता. मागचे लोक ढकलत होते. मी म्हटलं तेव्हा खोटं लिहिलं होतं, आता खरं लिहिते आहे. तो म्हणाला, ये तो आप कह रही हैं.

आणखी दोनदा गेले. आता जात नाही. पाणथळीत कॉलनीवाल्यांनी मलबा टाकला आहे म्हणतात, प्लॉट पाडणार आहेत. मी बघायला गेले नाही. बद्रीलाल घराबाहेर खाटेवर असतो, त्याची सून भाजी विकते, सणाला जाऊन येते मी, तो विचारतो बेनजी, कंई हाल है, मी म्हणते ठीक.

तुम्ही म्हणालात नाव बदलून लिहू. नका बदलू. यानं तो पाईप बंद होणार नाही, त्याचा पाय परत येणार नाही, ते मला पक्कं माहीत आहे, तुम्ही पण मनात तशी आशा ठेवू नका. फक्त लिहा की खुंटी कुमुद ढवळेनं उपटली. आणि बद्रीलालला कुणी वाचून दाखवणार असेल, तर दाखवू दे. मला त्याला सांगणं बनत नाही.