काठीच्या बुडाचं रबर

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. बाप आत होता आणि त्याची काठी यांच्या मांडीवर. ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकण नसतं.

“हे रबर दाबून बघ. दगड झालाय नुसता! ओल्या फरशीवर सरकणार नाही तर काय? बसवलं कुणी?”

“मीच, ताई. गेल्या महिन्यात.”

“वापरलेलं?”

“कोरं होतं गं. पण दुकानाच्या काचेत सहा वर्षं ऊन खात पडलेलं. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं. लवचीकपणा गेला की फरशी धरत नाही.”

“हे तुला माहीत होतं?”

“गिऱ्हाइकांना मीच सांगतो.”

“मग गिऱ्हाइकाला दिलं असतंस?”

“छे! भांडायला आलं असतं.”

“बाबा भांडत नाहीत, म्हणून त्यांना.”

“टाकवेना गं... आता बाहेर आले की सांगतो.”

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा खुर्ची ढकलणाऱ्या बाईंशी बोलतच बाहेर आला.

“पाय माझाच घसरला हो. काठीला तर पोरानं नवं रबर बसवलंय. दुकानच आहे त्याचं. कुणाला काही हवं असलं तर खुशाल पाठवा, खराब माल देणार नाही तो.”

“सांग ना रे.”

“बाबा... पाणी आणू का?”