मानपत्रातली एक दुरुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय गंगाधर प्रधान साहेब, व्यासपीठावर बसलेल्या माजी मुख्याध्यापिका आदरणीय कौसल्याबाई, उद्यापासून शाळेची सूत्रं हाती घेणाऱ्या श्रेयाबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे एप्रिलच्या या उकाड्यात जमलो आहोत त्या आज निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका, सत्कारमूर्ती मीनाक्षी शिरोडकर बाई, समोर बसलेला शिक्षकवर्ग, पालक बंधुभगिनींनो, आणि मागच्या खिडकीत चढून बसलेल्या चौथीच्या पोरांनो, खाली उतरा, पडाल.

मी धनेश परब. लालबागला राहतो, लोअर परळच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, आणि यंदा पालक संघाचा उपाध्यक्ष आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. उन्मेष सरांनी बजावलंय की चांगलं चांगलं बोला आणि आटपा. सर, आटपतो. पण आत्ता तुम्ही जे मानपत्र वाचलंत, त्यात एक चूक आहे. फ्रेम करून झालंय, बदलता येणार नाही, म्हणून तोंडी दुरुस्ती करायला उभा आहे.

त्याआधी मीनाक्षीबाईंबद्दल बोलणं माझं कर्तव्य आहे. बाईंनी या शाळेला काय दिलं? इमारत होतीच, फळे होते, बाकं होती. बाईंनी दिले ते ऋतूंचे कार्यक्रम. पावसाळ्यात ट्रेमध्ये मेथी पेरायची, भाद्रपदात शाडूचा गणपती, दिवाळीच्या सुट्टीआधी पटांगणात किल्ले, संक्रांतीला पतंग, होळीला पळसाचा रंग. आणि प्रत्येक वेळी घरचं एक माणूस मुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलं पाहिजे. कोण बसणार हे मूल ठरवणार. तशी चिठ्ठी लिहून वर्गातल्या डब्यात टाकायची. आणि मोठ्यांसाठी नियम एकच, हात लावायचा नाही. मूल मागेल ते आणून द्यायचं आणि गप्प बसायचं.

साहेब, गिरणगावातल्या बापांना सांगा की किल्ल्याला हात लावू नका. हसताय ना? तेव्हा मीही हसलो होतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा मनू तिसरीत होता. चिठ्ठीवर त्याने माझं नाव लिहिलं होतं. मी साइटवरून पायाच्या खोदाईची लाल माती पोत्यांनी आणली, पूर्ण शाळेला पुरेल एवढी. विटा आणल्या, गवतासाठी हळीव आणला, थापी आणली. आणि मनूला म्हटलं, तू बाजूला बस, मी दाखवतो. दोन दिवस मी बांधत होतो आणि मनू मावळे हातात धरून बघत होता. बाई दोनदा येऊन म्हणाल्या, "परब, हात मागे." मी हात मागे घ्यायचो, त्यांची पाठ वळली की पुढे.

आमच्या शेजारी चिंचपोकळीचे रमाकांत होते, लेथ मशिनचं वर्कशॉप आहे त्यांचं. आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नमस्कार, रमाकांत. त्यांच्या ऋताचं तळं भरायला त्यांनी बादली ओतली. पाणी खालून वाहत आमच्याकडे आलं आणि माझा उजवा बुरूज बसला.

मनू हसला. म्हणाला, "पप्पा, असूंदे. तोफेचा गोळा लागल्यासारखा दिसतोय." त्याला तो पडका बुरूज आवडला होता. हे माझ्या कानांनी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी रमाकांतना शिवी दिली. ते म्हणाले, "किल्ला पोराचा आहे की तुमचा?"

खरं बोललेलं झोंबतं. मी थापी उचलली आणि त्यांच्या कपाळावर मारली. आडवी नाही, धारेने. पाच टाके पडले. रमाकांतही काही गांधीजींचे शिष्य नव्हेत. त्यांनी वीट माझ्या खांद्यात घातली, मानगूट धरून माझं तोंड पाण्याच्या घमेल्यात दाबलं. मी त्यांच्या मनगटाला चावलो. आम्ही लोळत लोळत अकरा किल्ले मोडले. अकरा. मावळे पाठीखाली फुटत होते, ते टोचत होते, आणि मला त्याची गंमत वाटत होती. हे आज सांगायला लाज वाटते, पण वाटत होती. आमच्या मंडळात धनेशचा हात लवकर सुटतो म्हणून कौतुक व्हायचं. त्या कौतुकावर मी वाढलेलो.

पोरं किंचाळत जिन्याकडे पळाली. बाई ऑफिसातून धावत आल्या. आज दारापाशी बसलेत ते शामराव मामा शिपाई होते तेव्हा, ते आम्हाला सोडवायला पुढे झाले. पण बाई आमच्याकडे आल्या नाहीत. आम्हाला ओलांडून पलीकडे गेल्या, मनूकडे.

मनू पळाला नव्हता. जिथे होता तिथेच उकिडवा बसला होता. गुडघे छातीशी, हनुवटी आत, दोन्ही कोपरं कानांवर, तळहात डोक्याच्या मागे. त्याला कोणी मारत नव्हतं. त्याच्याकडे कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला आणि माझी बायको मानसी हिला ऑफिसात बोलावलं. मी तयारीने गेलो होतो, आधी बुरूज कोणी पाडला वगैरे. बाई म्हणाल्या, पोलिसांत जायचं की नाही ते रमाकांत ठरवतील. मला एवढंच सांगा, मनू पळाला का नाही? मी म्हटलं, घाबरला असेल. त्यावर बाई जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगतो.

"घाबरलेली मुलं पळतात, परब. तुमच्या मुलाला पळून उपयोग नसतो हे माहीत आहे. कुठे शिकला तो?"

मानसी रडायला लागली. मी खुर्ची मागे ढकलून निघून आलो.

अध्यक्ष महोदय, पाच मिनिटं झाली असतील. आपण घड्याळ बघितलंत ते मला दिसलं. दुरुस्ती अजून राहिली आहे.

रमाकांत ऋताकडे बघून पोलिसांत गेले नाहीत. मग संक्रांत आली. रविवारी सकाळी मनूच्या दप्तरात मला पतंगाची चिठ्ठी सापडली. शेजारी कोण बसणार? त्याने लिहिलं होतं, शामराव मामा. बाप जिवंत असताना पोरगा शिपायाला शेजारी बसवतो! मामा, माफ करा, तेव्हा मी असाच विचार केला. मी पट्टा काढला.

चाळीत राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा वेळी दारं लागत नाहीत, फक्त टीव्हीचे आवाज वाढतात. त्या दिवशी आमच्या मजल्यावर चार घरांत मोठ्याने टीव्ही लागले होते. मानसी मध्ये पडली तेव्हा तिलाही बसले.

सोमवारी मनू शाळेत आला नाही, मंगळवारीही नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला बाई आमच्या दारात. सोबत शामराव मामा, त्यांना बाईंनी गॅलरीत थांबवलं. बाई आत आल्या, चपला काढल्या, मनूला जवळ बोलावलं आणि त्याचा सदरा वर केला. पाठीवर निळे-काळे वळ होते. मी म्हटलं, आमच्या घरातला मामला आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मनूला म्हणाल्या, "दप्तर घे."

तो उठला, त्यांच्याकडे निघाला. माझं पोर माझ्या घरातून, माझ्यासमोर, दुसऱ्याच्या सांगण्यावरून निघालं. मी नुकताच ड्युटीवरून आलो होतो, हत्यारांची पिशवी कोनाड्यात होती. हाताला मोठा पाना लागला. मी तो मनूवर उगारला. बाईंनी हात मध्ये घातला.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

उन्मेष सर, आपण मानपत्रात वाचलंत, "शाळेच्या जिन्यावरून पडून उजवा हात मोडला असतानाही बाईंनी एक दिवस रजा घेतली नाही, दीड महिना डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, सवयीने. बाई जिन्यावरून पडल्या नव्हत्या. तो हात मी मोडला.

बाई, मान हलवू नका. मला बोलू द्या.

त्या ओरडल्या नाहीत. पलंगावर बसल्या, चेहरा पांढराफटक. मानसीला म्हणाल्या, पाणी द्या, आणि तुमचे दोघांचे कपडे भरा. त्या मोडक्या हाताने त्यांनी मनू आणि मानसीला माहीमला मानसीच्या बहिणीकडे पोचवलं, मग हॉस्पिटलात गेल्या. पाना माझ्याच हातात होता. शामराव मामा आवाज ऐकून गॅलरीतून आत आले होते, त्यांनी तो काढून घेतला आणि मला एक कानाखाली दिली. मामा, ती योग्य होती. कमी पडली.

बाई खोटं का बोलल्या? हे मी त्यांना विचारलं, आठ दिवसांनी, ऑफिसात. म्हणाल्या, खरं सांगितलं तर उद्यापासून सगळी शाळा मनूला बाईंचा हात मोडणाऱ्याचा मुलगा म्हणेल. त्याच्या पाठीवर आहे तेवढं पुरे. मग त्यांनी एक कागद दाखवला. पोलिसांच्या नावाने तक्रार, मनूला, मानसीला आणि त्यांना स्वतःला झालेल्या मारहाणीची. ज्या अक्षराचे कित्ते गिरवून या परळ-लालबागच्या दोन पिढ्या शिकल्या, ते अक्षर त्या कागदावर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं होतं, कारण डाव्या हाताने लिहिलेलं. खाली सही. शामराव मामांची साक्षीदार म्हणून सही. फक्त तारीख नव्हती. बाई म्हणाल्या, "पुन्हा एक बोट लागलं तर तारीख टाकायला मला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही." कागद लिफाफ्यात घातला, लिफाफा कपाटात.

दर सोमवारी मनू ऑफिसात कुंडीला पाणी घालायला जायचा. बाई त्याचे हात, पाठ बघायच्या. मी मालवणला माझ्या सख्ख्या मामाकडे चार महिने राहून आलो, डॉक्टरांकडे गेलो, अजून जातो. मानसी परत आली ती तिच्या अटींवर, आणि तिच्या अटी बाईंपेक्षा कडक आहेत. मला प्रत्येक ऋतूच्या कार्यक्रमाला यायची सक्ती होती. माती आणायची, बादल्या भरायच्या, झाडून घ्यायचं. बसायचं नाही. मनू चौथी होऊन बाहेर पडला तोपर्यंत एकाही चिठ्ठीवर माझं नाव आलं नाही.

आता कोणाला वाटेल की धनेश सुधारला, बाईंचा विजय असो, टाळ्या. थांबा.

माझी धाकटी मनवा, मानसी परत आल्यानंतरची, आता पहिलीत आहे. गेल्या दिवाळीत तिने चिठ्ठीत लिहिलं, पप्पा. मी मांडी घालून बसलो. ती म्हणाली वीट, वीट दिली. म्हणाली पाणी, पाणी दिलं. तिचा किल्ला कसला, नुसता ढिगारा होता. मी हात लावला नाही. शेवटी तिने झेंडा मागितला. तो मागे भिंतीवर ठेवला होता, म्हणून मी हात वर केला.

मनू तिला न्यायला आला होता. सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा उंच. पटांगणाच्या पार पलीकडे, गेटपाशी उभा. माझा हात वर गेला आणि त्याचं कोपर कानापर्यंत आलं. मग त्याला कळलं, त्याने केस सारखे केल्यासारखं केलं. आठ वर्षं मी त्याला बोट लावलेलं नाही, तरीही. मी काय गमावलंय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते परत मिळणार नाही हेही.

हे बोलू का, असं मी मनूला काल विचारलं. त्याने मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "सांगा. पण मी येणार नाही." म्हणून तो इथे नाही.

श्रेयाबाई, आता एक विनंती, आणि ती ऐकायला एवढे साक्षीदार आहेत हे बरंच आहे. उद्या बाई तुम्हाला चार्ज देतील. किल्ल्या, हजेरीपट, शिक्के. कपाटात डाव्या हाताला तो लिफाफा आहे. बाईंनी मला मागच्या आठवड्यात विचारलं, फाडू का? मी तेव्हा विषय बदलला. आज बोलतो. बाई, फाडू नका. चार्जच्या यादीत लिहा आणि श्रेयाबाईंच्या हातात द्या. तारखेची जागा कोरी आहे, ती कोरीच राहील असा माझा प्रयत्न आहे. पण माझी मनवा अजून तीन वर्षं या शाळेत आहे.

साहेब, आपण मला बोलू दिलंत, मध्येच थांबवलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. सभागृहाने ऐकून घेतलं, रमाकांत उठून गेले नाहीत, त्यांचेही आभार. भाषणात शब्द कमी-जास्त झाला असेल, वेळेची मर्यादा मोडली असेल, तेवढं पोटात घाला. त्यापलीकडच्या गोष्टींची माफी मी या माइकवरून मागत नाही. ती ज्याच्याकडे मागायची तो घरी आहे, आणि त्याने द्यायलाच हवी असं काही नाही.

बाई, हार घालायला पालक संघाने माझं नाव दिलं आहे. पण तुमच्याजवळ येऊन हात वर करण्याची माझी हिंमत नाही. तो शामराव मामांनी घालावा.