दुपारच्या डबीतली पांढरी गोळी

नाव: काजवाली आजी, सगळे याच नावाने ओळखतात. वय: अंदाजे बहात्तर. धंदा: शिंप्याच्या दुकानासाठी काज-बटणं करणे. राहणार: त्याच दुकानामागची खोली. शिक्षण: नाही.

समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा व सुनेसोबत राहते. मुलाचं लिव्हर पार निकामी झालं आहे. पोटात पाणी भरतं, ते उतरायला लघवीच्या गोळ्या आहेत. त्यांनी अंगातलं मॅग्नेशियमही वाहून जातं, म्हणून ते भरून काढायला मोठी पांढरी गोळी दिली आहे. हे मला डॉक्टरीणबाईंनी काल समजावलं. आधी समजावलं असतं तर मी ऐकलं असतं असं नाही, हेही लिहा.

सून सकाळी सातला पॅकिंगच्या कारखान्यात जाते. जाण्यापूर्वी दुपारच्या गोळ्या डबीत काढून ठेवते. मी रंगावरून ओळखते. देण्याचं काम माझं.

तीन आठवड्यांपूर्वी मुलाला जुलाब लागले. तो म्हणाला, "आई, ही पांढरी मला संडासातच मुक्कामाला ठेवणार." मी म्हणाले, "मग तिलाच धाडू तिथं." तेव्हापासून पांढरी गोळी मी रोज संडासात टाकली. जुलाब कमी झाले. मी स्वतःवर खूष होते.

सून घरी आल्यावर विचारायची, "आई, गोळ्या दिल्या का?" मी म्हणायची, "डबी रिकामी दिसत नाही का? शिकलेली ना तू?" ती हसायची.

मागल्या आठवड्यापासून मुलाच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, हात थरथरू लागले. मी तेल चोळलं. काल दुपारी दोनच्या सुमारास त्याचे डोळे फिरले व झटका आला. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

रक्तात मॅग्नेशियम फारच कमी निघालं. माझ्या मुलीने दवाखान्यातच वहिनीचा दंड धरला. "तूच गोळ्या बंद केल्यास." सून म्हणाली, "मी रोज काढून ठेवत होते, ताई." मुलीने येथे पोलीस ठाण्यात सुनेविरुद्ध तक्रार दिली. मुलगा अद्याप शुद्धीवर नाही, त्यामुळे खरं काय ते सांगणारी मी एकटीच.

आज सकाळी नऊपासून सून व मी बाकावर बसलो होतो. पहिला तासभर मी जागची उठले नाही. भीती वाटली. तुमची नाही, हवालदारसाहेब, तुमच्या वयाचा माझा नातू असता. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. गोळ्या दिल्या का, असं तिने विचारलं नाही. त्याची भीती वाटली.

मी सांगायला उठले तेव्हा तिने माझा हात ओढला. हळूच म्हणाली, "बसा ना, आई. तुम्हाला आत ठेवलं तर तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला काय सांगू?"

म्हणजे तिला कळलं होतं. तरी ती बसून होती. तिला सोडा.

हा जबाब सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा.